चाळीस मार्कांचा दंड

न्यायालयाची आज्ञा जाणूनबुजून मोडणारास शिक्षा करण्याचा अधिकार न्यायालयास असलाच पाहिजे, याविषयीं सुज्ञ मनुष्यांत सहसा मतभेद आढळत नाहीं. जो हुकूम पायांखालीं तुडवून कोणीही हंसत हंसत घरीं जाऊं शकतो, तो हुकूम नव्हे, ती केवळ विनंती होय. आणि नुसत्या विनंतीवर राज्यें चालत नाहींत. मराठेशाहींतील पंचांनाही ही गोष्ट ठाऊक होती, म्हणूनच वादास हात घालण्यापूर्वीं वादी व प्रतिवादी या दोघांकडून राजीनामा व जामीन घेण्याची चाल त्या काळीं होती. परंतु या अधिकाराची दुसरी एक बाजू आहे, व तिच्याकडे पाहिलें म्हणजे विचारी मनुष्याचें मन थोडें साशंक झाल्यावांचून राहत नाहीं. चोरी झाली तर ज्याची वस्तु गेली तो फिर्यादी असतो, ज्यानें चोरास पाहिलें तो साक्षी असतो, आणि निकाल देणारा तिसराच कोणी असतो. न्यायालयाच्या अवमानांत मात्र ज्याचा हुकूम मोडला तोच फिर्यादी, ज्याच्या डोळ्यांदेखत मोडला तोच साक्षी, आणि शिक्षा सांगणाराही पुष्कळदां तोच. एकाच आसनावर तिघे बसलेले असतात, व त्या तिघांपैकीं निदान एकाला तरी राग आलेला असतो!

अशा शिक्षेची तपासणी कोणीं करावी? कीं ती कोणींच करूं नये? या प्रश्नाचें उत्तर मिळावयास कित्येक पिढ्या लागल्या. तथापि त्या उत्तराचा पाया ज्या एका खटल्यानें घातला तो १६७० सालीं लंडनांत झालेला बुशेलचा खटला होय. इंग्लंडचा इतिहास शिकलेल्या आमच्याकडील मंडळींस मॅग्ना चार्टा, स्टार चेंबर, राजाचा शिरच्छेद वगैरे गोष्टी पाठ असतात. परंतु एडवर्ड बुशेल हें नांव त्यांतील थोड्यांच्याच कानांवरून गेलेलें असतें. हा मनुष्य राजा नव्हता, सेनापति नव्हता, पंडितही नव्हता. बारा पंचांच्या ज्यूरींत योगायोगानें येऊन बसलेला तो एक नागरिक होता. आज त्याच्या खटल्याची हकीकत वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दुसरा चार्लस राजा गादीवर येऊन त्या वेळीं दहा वर्षें झालीं होतीं. यादवी युद्धांत पोळलेल्या सत्ताधाऱ्यांस चार माणसें एकत्र जमलेलीं दिसलीं कीं त्यांत बंडाचा वास येत असे. राजमान्य चर्चच्या बाहेर उपासनेसाठीं घरच्या मंडळींव्यतिरिक्त पांचांहून अधिक माणसांनीं जमूं नये, असा कायदा १६६४ सालीं झाला होता व १६७० सालीं तो पुन्हां जारी करण्यांत आला. क्वेकर पंथाचे लोक हे विशेषेंकरून सरकारच्या डोळ्यांवर आले होते. हे लोक शस्त्र धरीत नसत, शपथ घेत नसत, आणि ईश्वराखेरीज कोणाही पुढें डोक्यावरची टोपी काढीत नसत. १४ ऑगस्ट १६७० रोजीं लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यावरील त्यांच्या उपासनागृहास शिपायांनीं कुलूप ठोकलेलें होतें, तेव्हां मंडळी रस्त्यांतच जमली व विल्यम पेन नांवाचा पंचवीस वर्षांचा तरुण तेथेंच उभा राहून उपदेश करूं लागला. हा इंग्लंडच्या आरमारांतील एका नामांकित सेनानीचा मुलगा; पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया वसाहत स्थापणारा पेन तो हाच. त्यास व विल्यम मीड नांवाच्या एका व्यापाऱ्यास पकडण्यांत आलें, आणि बेकायदेशीर व दंगलखोर जमाव जमविल्याचा आरोप दोघांवर ठेवण्यांत आला.

सप्टेंबरच्या आरंभीं ओल्ड बेली येथील न्यायालयांत खटला उभा राहिला. न्यायासनावर लंडनचे मेयर सर सॅम्युअल स्टार्लिंग, नगराचे रेकॉर्डर जॉन हॉवेल व इतर अधिकारी बसले होते. खटल्याची सुरुवातच अशा एका प्रसंगानें झाली कीं, पुढील सर्व प्रकाराची ती जणूं नांदीच होय. आरोपी आंत येतांच एका शिपायानें त्यांच्या टोप्या काढून घेतल्या. मेयरसाहेबांनीं त्या पुन्हां त्यांच्या डोक्यांवर घालावयास लाविल्या. आणि टोप्या डोक्यांवर येतांच, न्यायासनासमोर टोपी घालून उभे राहिल्याबद्दल दोघांस प्रत्येकीं चाळीस मार्क दंड ठोठावण्यांत आला! मार्क म्हणजे तेरा शिलिंग चार पेन्स. तेव्हां दंडाची रक्कम सव्वीस पौंडांहून अधिक झाली. अवमान घडावा म्हणून न्यायालयानेंच सामग्री पुरविली, व मग त्या अवमानाबद्दल शिक्षा सांगितली. न्यायालयाच्या या अधिकारावर अंकुश कां असावा, हें समजावयास एवढी एक हकीकतही पुरे आहे.

पेननें विचारलें कीं, मजवर कोणत्या कायद्यान्वयें आरोप आहे तें सांगा. रेकॉर्डरनें उत्तर दिलें कीं, देशाच्या रूढ कायद्यान्वयें. तो कायदा कोठें लिहिला आहे तें दाखवा, असें पेननें म्हणतांच रेकॉर्डरसाहेब संतापले व त्यांनीं त्यास न्यायालयाच्या कोंपऱ्यांतील एका पिंजऱ्यांत नेऊन घालण्याचा हुकूम केला. पुरावा थोडाच होता. पेन बोलत होता हें साक्षीदारांनीं सांगितलें. पण गर्दीच्या गलबल्यांत तो काय बोलला तें त्यांना ऐकूं आलें नव्हतें.

ज्यूरी आंत जाऊन परत आली ती एकमत न होतां. आठ जण आरोपी दोषी म्हणण्यास तयार होते, चौघे नव्हते. त्या चौघांत बुशेल हा पुढारी आहे असें समजून न्यायासनानें त्याच्यावर तोंडसुख घेतलें व सर्वांस पुन्हां आंत पाठविलें. मग ज्यूरीनें निर्णय आणिला: पेन हा ग्रेसचर्च रस्त्यावर बोलल्याबद्दल दोषी आहे. ‘बेकायदेशीर जमावापुढें बोलल्याबद्दल’ असें म्हणा, असा न्यायासनाचा आग्रह. तें चार शब्द जोडावयास ज्यूरी तयार होईना. रस्त्यावर बोलणें हा कांहीं अपराध नव्हे, हें दोन्ही पक्षांस चांगलें ठाऊक होतें. तेव्हां आम्हांस मान्य होईल असा निर्णय दिल्यावांचून तुमची सुटका नाहीं, अशी तंबी देऊन ज्यूरीस कोंडून ठेवण्यांत आलें. शनिवारची रात्र गेली, रविवारची रात्र गेली. अन्न नाहीं, पाणी नाहीं, शेगडी नाहीं, तंबाखूसुद्धां नाहीं. मधून मधून त्यांना बाहेर आणीत व तोच प्रश्न विचारीत, आणि तेंच उत्तर मिळे. मेयरनें बुशेलचें नाक कापण्याची भाषा केली. स्पेनांतील लोकांनीं इन्क्विझिशनसारखी संस्था कां बाळगली असावी याचें मर्म आपणांस आज कळलें, असे उद्गार रेकॉर्डरनें भर न्यायालयांत काढले. ज्या देशानें स्पेनच्या आरमाराशीं झुंज दिली त्या देशाच्या न्यायासनावरून हे उद्गार निघावे, यावरून राग मनुष्यास कोठपर्यंत नेतो हें दिसून येतें.

सोमवारीं, ५ सप्टेंबर रोजीं, भुकेनें व जागरणानें काळवंडलेले ते बारा गृहस्थ शेवटचे बाहेर आले. या वेळीं त्यांनीं ‘बोलल्याबद्दल’ हे शब्दही गाळून टाकले होते. दोघेही आरोपी निर्दोष, असा त्यांचा निर्णय होता. न्यायासनानें एकेकाचें नांव पुकारून विचारलें, आणि बाराही जणांनीं तेंच उत्तर दिलें. आठ विरुद्ध चार अशी जी ज्यूरी फुटलेली होती ती उपासमारीनें वाकली नाहीं, उलट एक झाली. मग न्यायालयाचा हुकूम सुटला: स्पष्ट पुराव्याच्या व न्यायालयानें केलेल्या कायदेविषयक सूचनेच्या विरुद्ध निर्णय दिल्याबद्दल प्रत्येक पंचास चाळीस मार्क दंड, व तो भरीपर्यंत न्यूगेटचा तुरुंग. निर्दोष ठरलेले आरोपी त्याच तुरुंगांत गेले, कारण टोप्यांचा दंड अद्याप बाकीच होता. पेनचा पिता मृत्युशय्येवर होता. मुलानें नको म्हटलें असतांही त्याचा दंड बाहेरून भरण्यांत आला, तो सुटला, व त्याच महिन्यांत पिता वारला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. ज्यूरीस असा दंड करणें त्या काळीं अपूर्व नव्हतें. १५५४ सालीं सर निकोलस थ्रॉकमॉर्टन यांस राजद्रोहाच्या आरोपांतून सोडणाऱ्या ज्यूरीस कैद व जबर दंड अशा दोन्ही शिक्षा सोसाव्या लागल्या होत्या. १६६७ सालीं मुख्य न्यायाधीश केलिंग यांच्याविरुद्ध याच प्रकाराची तक्रार पार्लमेंटांत आली, व ज्यूरीस दंड करणें अगर कैदेंत घालणें बेकायदेशीर आहे असा ठराव हौस ऑफ कॉमन्सनें केला; परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे, आणि केलिंगसाहेब आपल्या जागेवर कायम राहिले. बहुतेक पंच अशा प्रसंगीं दंड भरून घरीं जात. चाळीस मार्क ही रक्कम लहान नव्हती, पण तुरुंगाहून ती बरी वाटे. बुशेल व त्याचे तीन सोबती यांनीं दंड भरण्याचें साफ नाकारलें. शिक्षा चुकविण्याचा मार्ग हातांत असून ती सोसण्याचें त्यांनीं पत्करलें, आणि त्यामुळेंच ती शिक्षा तपासण्याची वेळ दुसऱ्या न्यायालयावर आली. दंड भरला असता तर प्रकरण तेथेंच मिटलें असतें.

त्यांनीं हेबियस कॉर्पसचा अर्ज कोर्ट ऑफ कॉमन प्लीज या न्यायालयाकडे केला. या हुकुमाचा अर्थ एवढाच कीं, अमुक मनुष्यास आमच्यासमोर आणा व त्यास कां अडकवून ठेविलें आहे तें लिहून कळवा. ‘लिहून कळवा’ या दोन शब्दांत सर्व सामर्थ्य सांठविलेलें आहे. तुरुंगाधिकाऱ्यानें उत्तर पाठविलें कीं, पूर्ण व उघड पुराव्याविरुद्ध आणि न्यायालयाच्या सूचनेविरुद्ध यांनीं आरोपींस सोडलें, म्हणून यांना अडकविलें आहे. नोव्हेंबरांत या उत्तराचा विचार मुख्य न्यायाधीश सर जॉन वॉन यांच्यापुढें झाला. वॉन हे मोठे व्यासंगी गृहस्थ. पंडित जॉन सेल्डन यांचे स्नेही. त्यांनीं जो निर्णय दिला तो इंग्रजी कायद्याच्या वाङ्मयांत चिरस्थायी झाला आहे. त्याचा मथितार्थ आम्ही आमच्या शब्दांत देतों.

पहिला मुद्दा असा. पुरावा ‘पूर्ण व उघड’ होता असें तुम्ही म्हणतां. पण तो पुरावा काय होता तें सांगत नाहीं. तुम्हांला तो उघड वाटला म्हणून आम्हीं तो उघड मानावा काय? एकाच्या डोळ्यांनीं दुसऱ्यास पाहतां येत नाहीं व एकाच्या बुद्धीनें दुसऱ्यास निर्णय करतां येत नाहीं. या मनुष्याची कैद न्याय्य आहे कीं नाहीं हें आम्हांस आमच्या बुद्धीनें ठरवावयाचें आहे. तें ठरवितां येईल एवढी हकीकत तुमच्या उत्तरांत नसेल, तर तें उत्तर नव्हेच. दुसरा मुद्दा असा. एकच कागद वाचून दोन विद्यार्थी, दोन वकील, किंबहुना दोन न्यायाधीशही परस्परविरुद्ध अनुमानें काढतात, हें नित्य दिसतें. मग ज्यूरीनें न्यायाधीशाहून वेगळें अनुमान काढलें म्हणून ती लबाड कशी ठरते? तिसरा मुद्दा असा. कायदा लागू करावयाचा तो घडलेल्या गोष्टीस. आणि काय घडलें हें सांगण्यासाठींच तर ज्यूरी बसविलेली असते. घडलें काय तेंही न्यायाधीशच सांगणार असेल, तर त्या बारा जणांस घरून बोलावून आणण्याचें प्रयोजन काय? चौघेही पंच मुक्त झाले.

वॉन यांनीं न्यायालयाचा अधिकार नाकारला, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊं नये. बोलावूनही हजर न होणारा, अगर लांच खाणारा पंच शिक्षेस पात्र आहे, हें त्यांस पूर्ण मान्य होतें. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, पंचानें आपल्या सद्सद्विवेकबुद्धीनें दिलेलें मत ही आज्ञाभंगाची बाब होऊं शकत नाहीं; आणि ती झाली आहे असें कोणी न्यायाधीश म्हणत असेल तर त्यानें आपलें कारण कागदावर मांडावें. न्यायाची मर्यादाही याच प्रकरणांत दिसून आली. बुशेलच्या सोबत्यांपैकीं हॅमंड यानें अन्यायाच्या कैदेबद्दल रेकॉर्डर हॉवेल यांजवर नुकसानभरपाईचा दावा लाविला. १६७७ सालीं तो फेटाळण्यांत आला. न्यायाधीश या नात्यानें केलेल्या कृत्याबद्दल, तें चुकीचें असलें तरी, न्यायाधीशास दिवाणी दाव्यांत खेंचतां येत नाहीं, असें ठरलें. निर्णय चुकला तर तो वरिष्ठ न्यायालयानें पुसून टाकावा. परंतु न्यायाधीशास भयांत ठेवूं नये, असा हा विवेक आहे. तो आम्हांस रास्त वाटतो. भ्यालेला न्यायाधीश हा रागावलेल्या न्यायाधीशाइतकाच घातक होय.

आमच्या घरोघरीं मुलांना रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगितली जाते. नारायणरावांच्या वधास देहान्त प्रायश्चित्तच आहे असें राघोबादादांस तोंडावर सांगणारा तो निःस्पृह न्यायाधीश आमच्या आदरास सर्वथा पात्र आहे. परंतु ज्या राज्यांत न्याय हा एका रामशास्त्र्याच्या धैर्यावर अवलंबून असतो, तेथें तो गेल्यावर काय करावयाचें? बुशेलच्या खटल्याची शिकवण निराळी आहे. त्यांत न्यायासनावर स्टार्लिंग व हॉवेल यांच्यासारखीं माणसें बसलेलीं असतांही न्याय झाला, याचें कारण त्यांच्या हुकुमावर दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरूं शकत होती.

हेंच हेबियस कॉर्पस पुढें आमच्या पुण्यापर्यंत येऊन पोहोंचलें, व त्यांतून अवज्ञेचा एक विलक्षण प्रसंग उद्भवला. पेशवाई बुडून दहा वर्षें झालीं होतीं. १८२८ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टानें, पुण्यांत नातलगाच्या ताब्यांत असलेल्या मोरो रघुनाथ नांवाच्या एका अल्पवयी मुलास आपल्यासमोर आणण्याविषयीं हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या सरकारचें म्हणणें असें पडलें कीं, या कोर्टाची सत्ता मुंबई शहरापुरती. पुण्याच्या रहिवाशावर ती नाहीं. सरकारनें हुकुमाची अंमलबजावणी होऊं दिली नाहीं. सर जॉन पीटर ग्रँट हे त्या वेळीं कोर्टांत एकटेच न्यायाधीश उरले होते. आपला हुकूम राज्यकर्तेच मानीत नाहींत, तर मग कोर्ट भरवून उपयोग काय, असें म्हणून त्यांनीं १८२९ च्या एप्रिलांत कोर्टाचे दरवाजे बंद केले! प्रकरण विलायतेस गेलें, आणि प्रिव्ही कौन्सिलनें त्याच वर्षीं असें ठरविलें कीं, मुंबईच्या कोर्टास असा हुकूम पुण्यांत पाठविण्याचा अधिकार नव्हता. ग्रँटसाहेबांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तथापि त्यांतून निघणारा सिद्धान्त महत्त्वाचा आहे: अवज्ञेची चौकशी करतांना वरिष्ठ न्यायसंस्था केवळ अवज्ञा करणाराकडे पाहत नाहीं, तर जी आज्ञा मोडली ती देण्याचा अधिकार होता कीं नाहीं हेंही पाहते.

इतकें असूनही, अवमानाच्या शिक्षेवर रीतसर अपील मिळण्यास फार विलंब लागला. १८८३ सालीं ‘बेंगाली’ पत्राचे संपादक सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांस, न्यायमूर्ति नॉरिस यांच्यावरील टीकेबद्दल, कलकत्ता हायकोर्टानें दोन महिन्यांची कैद सांगितली. येथें अपराध हुकूम मोडण्याचा नव्हता, लिहिण्याचा होता. परंतु शिक्षेच्या तपासणीचा प्रश्न तोच. पांच न्यायाधीशांपैकीं रमेशचंद्र मित्र यांनीं कैदेस विरोध केला व दंड पुरे असें म्हटलें. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यांत आली, ती मिळाली नाहीं. खुद्द इंग्लंडांत १९१३ सालीं स्कॉट नांवाच्या एका घरगुती दाव्यांत बंद दरवाजाआड झालेल्या सुनावणीची टिपणें पत्नीनें नातलगांस दाखविलीं, म्हणून तिला अवमानाबद्दल दोषी धरण्यांत आलें. मधल्या न्यायालयानें म्हटलें, हा फौजदारी स्वरूपाचा विषय, यावर आम्हांस अपील चालवितां येत नाहीं. हौस ऑफ लॉर्ड्सनें मात्र प्रकरणाच्या मुळाशीं हात घातला: दरवाजे बंद करण्याचा असा हुकूम देण्याचा अधिकारच न्यायाधीशास नव्हता, मग तो मोडल्याचा अपराध कोठला? सर्व प्रकारच्या अवमानाच्या शिक्षेवर अपिलाचा हक्क इंग्लंडांत कायद्यानें दिला गेला तो १९६० सालीं, म्हणजे बुशेल तुरुंगांतून सुटल्यावर दोनशें नव्वद वर्षांनीं.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, व तो हलका नाहीं. हुकूम चुकीचा आहे असें ज्याला वाटेल त्यानें तो मोडावा, आणि मग वरिष्ठ कोर्टांत जाऊन हुकूमच चुकीचा होता असें म्हणावें, असें होऊं लागलें तर कोणता हुकूम टिकेल? अमेरिकेंत हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपांत पुढें आला. १९६३ च्या एप्रिलांत अलाबामांतील बर्मिंगहॅम येथें मार्टिन ल्यूथर किंग व त्यांचे सहकारी यांनीं मिरवणुकीस बंदी करणारा न्यायालयाचा मनाईहुकूम मोडला, व त्याबद्दल त्यांस पांच दिवसांची कैद व पन्नास डॉलर दंड झाला. १९६७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती शिक्षा कायम केली. हुकूम चुकीचा असेल, पण आधीं वरिष्ठ न्यायालयांत जाऊन तो रद्द करून घ्यावयास हवा होता, असें बहुमताचें म्हणणें. दोनच वर्षांनीं, १९६९ सालीं, त्याच मिरवणुकीबाबतच्या दुसऱ्या प्रकरणांत, ज्या स्थानिक नियमावर तो मनाईहुकूम आधारलेला होता तो नियम लागू केला गेला त्या रीतीनें घटनाविरुद्ध आहे, असें त्याच न्यायालयानें ठरविलें. पण तोंपर्यंत कैद भोगून झाली होती. आमच्या मतें बहुमताच्या तत्त्वांत तथ्य आहे. परंतु तें तत्त्व तेव्हांच न्याय्य ठरतें, जेव्हां वरिष्ठ न्यायालयाचें दार वेळेवर उघडतें. हुकूम आज, मिरवणूक दोन दिवसांनीं, आणि अपिलाचा निकाल चार वर्षांनीं, अशा स्थितींत ‘आधीं अपील करा’ हा उपदेश कोरडाच ठरतो.

आपल्या देशांत या अधिकारास प्रथम माप लागलें तें १९२६ च्या कायद्यानें. सहा महिन्यांची साधी कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, याहून अधिक शिक्षा नको, असें त्यानें ठरविलें. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला. पुढें सन्याल समितीनें १९६३ सालीं अहवाल दिला, व त्याच्या आधारें १९७१ चा कायदा झाला. दंडाचा आंकडा त्यांतही दोन हजारांचाच राहिला. १९२६ सालीं ती मोठी रक्कम होती. आज ती कित्येकांच्या एका दिवसाच्या खर्चाइतकीही नाहीं. परंतु १९७१ च्या कायद्याचें खरें महत्त्व आंकड्यांत नाहीं, तें दुसऱ्या दोन तरतुदींत आहे. पहिली अशी कीं, हायकोर्टानें शिक्षा दिली तर तिच्यावर हक्कानें अपील आहे: एका न्यायाधीशानें दिली असेल तर त्याच हायकोर्टाच्या निदान दोन न्यायाधीशांपुढें, तीस दिवसांच्या आंत, दोघांनीं वा अधिकांनीं दिली असेल तर सर्वोच्च न्यायालयापुढें, साठ दिवसांच्या आंत. दुसरी अशी कीं, अवमान न्यायाधीशाच्या समक्षच घडला असेल तर, माझी चौकशी दुसऱ्या न्यायाधीशानें करावी, अशी विनंती आरोपीस करतां येते; व ती मानणें शक्य आणि उचित दिसल्यास प्रकरण मुख्य न्यायाधीशांपुढें मांडावें लागतें. आरंभीं आम्हीं एकाच आसनावर बसलेल्या ज्या तिघांविषयीं बोललों, त्यांना वेगळें करण्याचा हा प्रयत्न आहे.

सर्वोच्च न्यायालयानें स्वतः दिलेल्या शिक्षेवर मात्र अपील नाहीं. तेथें पुनर्विचाराचा अर्जच काय तो करतां येतो. कोठें तरी शेवट असलाच पाहिजे, हें खरें. परंतु शेवटच्या पायरीवरही आपली चूक सुधारण्याची बुद्धि असणें किती अगत्याचें आहे, याचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका ज्येष्ठ वकिलास अवमानाबद्दल शिक्षा सांगतांना त्याची सनदही तीन वर्षें स्थगित केली. १९९८ सालीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, अवमानाच्या अधिकारांत सनद काढून घेण्याची शिक्षा बसत नाहीं. तें काम वकिलांच्या परिषदेचें. आपल्याच हुकुमाची मर्यादा आपण होऊन आंखून घेणाऱ्या न्यायालयाविषयीं लोकांचा आदर कमी होत नाहीं, वाढतो, असा आमचा समज आहे.

ज्यूरीची पद्धत आज आपल्याकडे उरलेली नाहीं. तिच्या अखेरच्या काळांत, १९५९ सालीं, मुंबईच्या प्रसिद्ध नानावटी खटल्यांत नऊ पंचांपैकीं आठांनीं आरोपी निर्दोष असें म्हटलें, व तें न्यायाधीशास पटलें नाहीं. त्यानें काय केलें? पंचांना कोंडलें नाहीं, दंड केला नाहीं. आपलें भिन्न मत कारणांसह नमूद करून प्रकरण हायकोर्टाकडे धाडलें. हायकोर्टानें पुरावा स्वतः पाहून ज्यूरीचा निर्णय फिरविला, व १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल कायम केला. त्या निकालाविषयीं मतभेद असोत. पण पंच आपापल्या घरीं सुखरूप गेले, व न्यायाधीशाचा मतभेद कागदावरून वर गेला. स्टार्लिंग व हॉवेल यांनीं जो मार्ग चोखाळला आणि १९५९ सालीं मुंबईंत जो चोखाळला गेला, त्या दोहोंमधील अंतर हेंच बुशेलच्या धैर्याचें फळ होय.

लंडनच्या ओल्ड बेलीच्या आजच्या इमारतींत त्या पंचांच्या स्मरणार्थ एक शिला बसविलेली आहे. त्यांना कोंडणाऱ्या न्यायासनाच्या वारसांनींच ती तेथें राहूं दिली आहे, ही गोष्ट त्या न्यायासनास भूषणावह आहे. न्यायालयाच्या हुकुमापुढें प्रजेनें मान लवविली पाहिजे, हें आम्ही पुन्हां एकवार म्हणतों. परंतु ज्या हातानें शिक्षा लिहिली जाते त्याच हातानें तिचें कारणही लिहिलें जावें, आणि तें कारण राग न आलेल्या दुसऱ्या कोणीं तरी वाचावें, एवढें मागण्याचा प्रजेसही अधिकार आहे. चौघा भुकेल्या माणसांनीं दंड न भरतां मागितलें तें एवढेंच.